पूरभिंतीचे पैसे कुणी द्यायचे?

पावसाळा तोंडावर आला की नदीकाठच्या ग्रामसभेत एक ठराव हमखास येतो. "गावालगत नदीकाठी संरक्षक भिंत बांधून मिळावी." हात वर होतात, ठराव मंजूर, कागद तालुक्याला रवाना. भिंतीचे पैसे कोण देणार, हे त्यात लिहिलेलं नसतं. सरकार देईल, असं आपण धरूनच चालतो.

भिंत मागण्यात चूक नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं आणि 2021 च्या जुलैत 56 फुटांच्याही वर. दोन वर्षांत दोनदा ज्याचा संसार पाण्यात गेला, तो दुसरं काय मागणार?

पण भिंत म्हणजे शेताचा बांध नव्हे. पुराचं पाणी अडवलं म्हणजे नाहीसं होत नाही, ते सरकतं. या काठाला अडलं की समोरच्या काठाला चढतं. आपल्याला याचा अनुभव आहे. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या भरावाला पाणी तटतं, म्हणून तिथं पिलरचा पूल करा ही मागणी आपल्याच लोकांनी केली. मग आपली भिंत समोरच्या गावाला भराव ठरणार नाही का?

दुसरं असं की, भिंतीच्या आत पडलेला पाऊस कुठं जाणार? ओढ्याच्या तोंडाला झडपा लागतात, झडप बंद असताना आतलं पाणी उपसायला पंप लागतात, पंपाला वीज लागते. आणि ऐन पुरात पहिली जाते ती वीजच. पाणी तुंबून राहिलं की सोयाबीन, भुईमूग हातचे जातात. ऊस थोडे दिवस तग धरतो, पण पोंग्यात पाणी आणि गाळ शिरला की तोही कुजतो. शिवाय काठाची मळीची जमीन कशामुळं कसदार झाली? पुराच्या गाळानंच. तेव्हा भिंत सबंध शिवाराला घालायची की फक्त घरांना, हे आधी ठरवावं लागेल. शिवाराला घालू नये, असं माझं मत आहे.

आता घरांचं बघू. काठावरची सगळी घरं एका मापानं मोजता येत नाहीत. एक जुनं गावठाण, शेकडो वर्षांचं. हे लोक मुद्दाम पुरात जाऊन राहिलेले नाहीत, नदी होती म्हणून गाव वसलं. त्यांच्यासाठी भिंत लागणार असेल, तर सर्वांच्या पैशातून व्हावी. दुसरी अलीकडची बांधकामं : बंगले, मंगल कार्यालयं, हॉटेलं, गुंठ्यांचे प्लॉट. पाटबंधारे खात्याची निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी आहे. तरी तिथं भराव टाकून घरं उभी राहिली. ज्यानं प्लॉट पाडले तो पैसे घेऊन मोकळा झाला, ज्यानं परवानगीवर सही केली तो बदलून गेला. आता त्या घरांसमोर भिंत बांधायची, आणि तिचा खर्च जिरायत पट्ट्यातल्या आजरा-चंदगडच्या शेतकऱ्याच्या खिशातूनही जायचा! हे मला पटत नाही. निळ्या रेषेतल्या बांधकामाला सरकारी पैशातली भिंत मिळूच नये. मिळाली की पलीकडच्या प्लॉटचा भाव वाढतो आणि पुढची चार घरं तिथंच उभी राहतात.

कुणी म्हणेल, पुरानंतर सरकार मदत देतंच, मग आधीच भिंत का नको? 2019 ला ग्रामीण कुटुंबाला 10 हजार, शहरी कुटुंबाला 15 हजार रुपये सानुग्रह अनुदान मिळालं, पीककर्ज एक हेक्टरपर्यंत माफ झालं. पण ती मदत बुडालेल्या प्रत्येकाला होती. भिंतीचा फायदा तिच्या मागं राहणाऱ्यालाच होतो, तोटा समोरच्याच्या वाट्याला.

घाट उतरून कोकणात गेलात तर हाच वाद समुद्राशी चालू आहे. रत्नागिरीजवळ मिऱ्याला, मालवणजवळ देवबागला लाटा घरांपर्यंत येतात आणि दगडी धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी होते. तिथं शेतीसाठी मात्र जुनी रीत होती. खारं पाणी अडवणारे बांध शेतकरी गावकीनं राखत. पुढं 1948 आणि 1979 च्या खारभूमी कायद्यांनी सरकार त्यात उतरलं. हॉलंडमध्ये तर काही शतकांपासून पाणी-मंडळं आहेत. जमीनवाले, घरवाले त्यांना पट्टी भरतात, प्रतिनिधी निवडतात आणि तटबंदीची देखभाल त्यातूनच चालते.

आपल्यालाही हे नवं नाही. नदीवरून पाणी उचलायला सहकारी पाणीपुरवठा संस्था काढल्या, तेव्हा शेअर भरले, कर्ज उचललं, उसाच्या बिलातून हप्ते कापून दिले. पाणी आणायला वर्गणी चालते, तर पाणी अडवायला का चालू नये? गावठाणाच्या भिंतीचं बांधकाम सरकारनं करावं, पण झडपा, पंप आणि दुरुस्तीची पट्टी भिंतीमागच्या घरांनी भरावी. गरिबाला सूट द्या, दोन मजली बंगल्याला देऊ नका.

आणि जिथं भिंतीपेक्षा उंचावर जाणं सोपं आहे, तिथं ते का होत नाही हेही पाहा. 1989 च्या महापुरानंतर प्रयाग चिखली आणि आंबेवाडीसाठी सोनतळीला जागा दिली गेली. तरीही 2019 ला चिखलीतून माणसं बोटीनं काढावी लागली. लोक हट्टी आहेत म्हणून हे झालं, असं म्हणणं सोपं आहे. पण गोठा खाली, शेत खाली, दूध डेअरी खाली, मग माणूस वर कसा राहणार? भिंतीचा पैसा अशा ठिकाणी गोठ्यांवर आणि रस्त्यावर घातला, तर जास्त उपयोगी पडेल.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एक विनंती. पुढच्या ग्रामसभेत भिंतीचा ठराव आला तर आधी निळ्या-लाल रेषेचा नकाशा भिंतीवर लावा. भिंतीमागं किती घरं जुनी आणि किती नवी, ती मोजून ठरावातच लिहा. पट्टी कोण भरणार तेही लिहा. आणि ठरावाची एक प्रत समोरच्या काठच्या ग्रामपंचायतीलाही पाठवा.