कीबोर्डचा ट्रे हवा की नको?

लॅपटॉपच्या जमान्यात कीबोर्डचा सरकता ट्रे कशाला, असं नातू विचारतो. माझं मत ट्रेच्या बाजूनं.

आपली टेबलं साधारण ३० इंच उंच असतात. वहीत लिहायला ठीक, टंकायला जरा जास्तच. खांदे वर चढतात, मनगटं मुडपतात आणि लेख पुरा होईस्तोवर मान धरते. टायपिंगच्या क्लासमधली टेबलं आठवा, मुद्दाम बुटकी असत. मिनिटाला ३० शब्दांची मराठीची परीक्षा पोरं त्यांवरच देत. ट्रे तेच करतो, कीबोर्ड तीन-चार इंच खाली, कोपराच्या पातळीला आणतो.

पण बाजारातले बरेच ट्रे अरुंद! माउस वर टेबलावरच राहतो नि उजवा हात सारखा जिना चढतो-उतरतो. असा ट्रे फुकट मिळाला तरी घेऊ नये. सुताराकडून माउससकट मावेल असा २७-२८ इंची करून घ्यावा. गुडघे अडकत नाहीत ना, तेही बसून पाहावं. आमच्या द्रोणागिरीत खारं वारं, त्यामुळे चॅनेल स्टेनलेस स्टीलचेच.

ट्रे बसतच नसेल तर खुर्ची उंच करून पायाखाली पाट घ्यावा. लॅपटॉपवाल्यांनी वेगळा कीबोर्ड ट्रेवर ठेवून लॅपटॉप जाड शब्दकोशांवर चढवावा. तेवढाच त्यांचा उपयोग! :)