शिक्का पुडीवर, विष शेतात

ज्यांना विषारी कंद खाण्याजोगा करता येतो, त्यांच्याकडून आपली अन्नव्यवस्था काही शिकत नाही; उलट त्यांच्या पायाखालची जमीनच काढून घेते. मी दिग्गीबद्दल बोलतो आहे. कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातलं, गोव्याच्या हद्दीलगतचं, काळी नदीच्या उगमाकडचं गाव. १९५६ पर्यंत हा सगळा कारवार जिल्हा, म्हणजे आजचा उत्तर कन्नड, मुंबई राज्यात होता. आपल्या पुढाऱ्यांना कारवार आठवतो तो सीमाप्रश्नाच्या भाषणात. तिथला कुणबी काय पिकवतो, कसा जगतो, याची चौकशी त्यांनी कधी केली?

तो कंद पिकवतो. कोन, कणंग, सुरण, अळू, भलीमोठी मुडली. लावणीसाठी लागणारे कंद घरचेच राखलेले असतात, त्यामुळे बियाण्याच्या दुकानाची पायरी चढावी लागत नाही. कंद तयार झाला तरी लगेच काढायची घाई नसते. लागेल तेवढा खणायचा, बाकीचा मातीत राहू द्यायचा. भाताने एखाद्या वर्षी दगा दिला तरी चूल पेटते ती यामुळे. जोयड्यात दर हिवाळ्यात कंदांचा मेळा भरतो. जगाला वनस्पतींतून मिळणाऱ्या उष्मांकांपैकी निम्म्याहून जास्त उष्मांक भात, गहू आणि मका या तीनच पिकांतून येतात, हे ज्याला धोक्याचं वाटतं त्याने तो मेळा बघावा.

आणि सुरक्षिततेचं म्हणाल तर सुरण, अळू घसा खाजवतात, म्हणून चिंच किंवा आमसूल घालून शिजवायचे. कडू करांदा तसाच खाल्ला तर बाधतो. त्याचे काप करायचे, राख घालून उकळायचे, वाहत्या पाण्यात ठेवायचे, कडूपणा गेल्याशिवाय पानात वाढायचं नाही. सह्याद्रीतल्या बायकांनी हे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं आहे. इथे चूक झाली तर ती करणाऱ्याच्याच घरात आजारपण येतं, म्हणून चूक होऊ दिली जात नाही. अन्नाची जबाबदारी म्हणजे मला हेच कळतं.

आता सरकारी व्यवस्था बघा. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक भाज्यांवर फवारायला २००५ मध्येच बंदी झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये हे विष पूर्ण बंद करा असं सांगितलं. ते विकलं जात राहिलं. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या दुपारच्या जेवणातून तेच पोटात जाऊन २३ मुलं मेली. अन्नसुरक्षा कायदा २००६ चा, म्हणजे तेव्हा सात वर्षांचा होता. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगने कीटकनाशकाचा अंश सापडल्यामुळे काही भारतीय मसाल्यांची विक्री थांबवली. त्याच महिन्यात आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, देशात नोंदणीच नसलेल्या कीटकनाशकांच्या अंशाची मसाल्यांतली मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅमवरून ०.१ वर नेली. दहापट! नोंदणी नाही म्हणजे ते औषध इथे वापरायलाच नको. मग त्याच्या अंशाला दहापट मोकळीक कुणासाठी? ज्याच्या ताटात तो मसाला पडतो त्याच्यासाठी तर नक्कीच नाही.

आणि हाच कायदा घरी लोणचं घालून विकणाऱ्या बाईला सांगतो की आधी नोंदणी कर. करावी तिने, माझी हरकत नाही. पण तपासणीचा जोर पुडीवरच्या छापील क्रमांकावर आणि शेतात ओतल्या जाणाऱ्या विषाकडे पाठ, ही अन्नसुरक्षा नव्हे. हिला मी लबाडी म्हणतो.

केंद्र सरकार ज्या २२ पिकांना किमान आधारभूत किंमत जाहीर करतं, त्यांत एकही कंद नाही. तिरुवनंतपुरमला १९६३ पासून कंदपिकांची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, म्हणजे या पिकांचं मोल सरकारला माहीत नाही असंही नाही. तरीही कंद पिकवणाऱ्याच्या हाताला दाम नाही.

जमिनीचं तर त्याहून वाईट. गोव्यात कुणबी २००३ पासून अनुसूचित जमातीत आहेत. हद्द ओलांडून जोयड्यात आलं की तोच कुणबी जमातीच्या यादीत नाही. त्यामुळे वनहक्क कायद्याखाली त्याने १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करायचा. थोडक्यात, १९३० चा पुरावा. वृद्धांची साक्ष, जुन्या विहिरी, घरांचे अवशेष, दफनभूमी हेही पुरावे नियमांत मान्य आहेत, तरी कचेरीत कागदच मागतात. ज्या रानात कागद पोचलाच नाही तिथला माणूस तो कुठून आणणार? उत्तर कन्नडात असे दावे मोठ्या संख्येने फेटाळले गेले. माणूस रानातून उठवला की लावणीचे कंद त्याच्याबरोबर जातात, आणि कडू करांदा धुण्याचं ज्ञानही त्याच्या नातवंडांपर्यंत पोचत नाही. कुठल्याच प्रयोगशाळेत ते परत तयार होणार नाही.

कुणब्यांच्या जमातीच्या दर्जाचा निकाल कर्नाटक आणि केंद्राने एकदाचा लावावा. फेटाळलेले दावे पुन्हा उघडावेत, आणि दिग्गीसारख्या गावांत ग्रामसभा भरवून म्हाताऱ्यांची साक्ष तिथेच लिहून घ्यावी. हे होत नाही तोवर अन्नसुरक्षा दिनाच्या सरकारी जाहिरातींवर माझा विश्वास बसणार नाही.