एक सिनेमा, तीन सीड्या

सिनेमांच्या खास आवृत्त्या विकत घेऊन कपाटात जपून ठेवणाऱ्यांचा एक वेगळाच पंथ असतो. जाड पुठ्ठ्याचा डबा, आत छापील पुस्तिका, जुन्या पोस्टरची नक्कल, दिग्दर्शकाची मुलाखत आणि अर्थातच सिनेमा. याला ‘कलेक्टर्स एडिशन’ म्हणतात. या मंडळींत गेली काही वर्षं एक वाद चालू आहे. डब्यात सिनेमा एकदाच असावा की दोन-तीनदा? म्हणजे फोर-के डिस्क घेतली, तर तोच सिनेमा पुन्हा ब्लू-रेवर, पुन्हा डीव्हीडीवर आणि वर इंटरनेटवरून बघायचा एक कोड, असं सगळं एकाच डब्यात द्यावं का? काही जण म्हणतात, एवढे पैसे मोजतोय तर द्या की सगळं. बाकीचे चिडतात. आम्ही भारीतला प्लेअर घेतलाय, ही डीव्हीडी काय परसातल्या पेरूवर पाखरं हाकलायला टांगायची?

तुम्हाला वाटेल, खानापुरात बसून या श्रीमंती भांडणात आपण कशाला पडायचं. पण मला वाटतं, या प्रश्नाचं उत्तर त्या संग्राहकांपेक्षा आपल्या घरांना जास्त चांगलं देता येईल. आपल्याकडे एक घर आता एका छपराखाली नसतं. म्हातारी माणसं खानापुरात, एक मुलगा बेंगळुरूला, मुलगी पुण्याला, नातू इंग्लंडात. सिनेमा घेणारा एक आणि बघणारे दुसरेच. त्या वादातले दोन्ही पक्ष मात्र माझा प्लेअर आणि माझं कपाट यापलीकडे बघत नाहीत.

तरुण वाचकांसाठी थोडी उजळणी करतो, कारण यातल्या निम्म्या वस्तू तुम्ही माळ्यावरच पाहिल्या असतील. आधी व्हिडिओ कॅसेट होती. खानापूरच्या पावसात तिचे हाल कुत्रं खात नसे. चार महिने भिंतींना ओल, कपाटातल्या कपड्यांना वास आणि कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी. मग व्हीसीडी आली. तिचं प्रमाण १९९३ मध्ये ठरलं आणि आपल्याकडे ती पुढच्या दहा वर्षांत घरोघरी पोचली. एका सीडीवर ७४ ते ८० मिनिटं मावायची, म्हणून मराठी सिनेमा दोन सीड्यांत यायचा, लांबलचक हिंदी असला तर तिनांत. पहिली संपली की कुणीतरी उठून दुसरी घालायची, तेच मध्यंतर. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. डीव्हीडीचं ७२० बाय ५७६, ब्लू-रेचं १९२० बाय १०८० आणि फोर-केचं ३८४० बाय २१६०. आकडे बघितले तरी पायऱ्या किती उंच आहेत ते कळतं.

भारतात डीव्हीडी खऱ्या अर्थाने स्वस्त झाली ती २००७ मध्ये. मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली. तोवर लोक चोरट्या सीड्या घेत, त्यांच्याच भावात असली माल मिळायला लागला. फरक सहा रुपयांचा होता, पण त्या सहा रुपयांत एक मोठी गोष्ट मिळायची, तिच्याकडे पुढे येतोच. ती कंपनीही आता राहिली नाही. २०१८ मध्ये तिच्या दिवाळखोरीचा निकाल लागला. घराघरांत तिच्या सीड्या मात्र अजून आहेत आणि बहुतेक चालतातही.

आता डब्याकडे वळू. प्लेअर जुन्याला ओळखतो, नव्याला ओळखत नाही, हे यातलं मुख्य सूत्र. फोर-केचा प्लेअर ब्लू-रे वाजवतो, डीव्हीडीही वाजवतो. डीव्हीडीच्या प्लेअरला ब्लू-रे घातली तर तो नुसता घरघरतो. कारण साधं आहे. डीव्हीडी वाचायला लाल लेझर लागतो. ब्लू-रेवरच्या खुणा इतक्या बारीक असतात की त्यांना निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा लेझर लागतो, लाल किरणाला त्या सापडतच नाहीत. म्हणजे डब्यातली सगळ्यात हलकी मानली जाणारी डीव्हीडी सगळ्यात जास्त घरांत चालते. भारी डिस्क मात्र एकाच दिवाणखान्याची सोबतीण.

अमेरिकेतल्या क्रायटेरियन या कंपनीने हा प्रयोग करून पाहिला. जगभरचे नावाजलेले सिनेमे उत्तम स्थितीत काढण्यासाठी ती ओळखली जाते. नोव्हेंबर २०१३ पासून तिने ब्लू-रे आणि डीव्हीडी एकाच डब्यात द्यायला सुरुवात केली. वर्ष भरायच्या आत, सप्टेंबर २०१४ पासून, दोन्ही पुन्हा वेगवेगळ्या विकायला लागली. २०२१ च्या नोव्हेंबरात तिने फोर-के आवृत्त्या आणल्या, तेव्हा मात्र सोबत ब्लू-रे घातली आणि ती पद्धत टिकली. त्यात एक मेख आहे. फोर-केवर फक्त सिनेमा असतो, मुलाखती, माहितीपट वगैरे ब्लू-रेवर. म्हणजे ‘जादा’ म्हणून दिलेली डिस्क काढून टाकली तर डब्यातला निम्मा मजकूर जातो. हे हुशारीचं काम, पण वादाला बगल देणारं.

आणि तो कोड? त्याच्यावर माझा काडीचाही विश्वास नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी मिळून ‘अल्ट्राव्हायोलेट’ नावाची सोय काढली होती. डिस्क घ्या, आतला कोड टाका, सिनेमा कायमचा तुमच्या खात्यात. ३१ जुलै २०१९ ला ती सोय बंद झाली. ज्यांनी आपली खाती वेळेत दुसऱ्या सेवांना जोडली होती त्यांचे सिनेमे तिकडे राहिले. कायमचा हा शब्द आठ वर्षं टिकला. शिवाय अशा कोडला मुदत असते आणि देश ठरलेला असतो. अमेरिकेतला कोड जांबोटीच्या पावसात, रेंज गेलेली असताना, कुणाला आणि काय दाखवणार?

मागच्या वर्षी आमच्या नात्यातल्या एका मुलाने इंग्लंडहून येताना माझ्या आत्याला असाच एक डबा आणला. आत ब्लू-रे होती, डीव्हीडी होती, कोडही होता. आत्याकडे ब्लू-रेचा प्लेअर नाही, म्हणून डीव्हीडी घातली. पडद्यावर इंग्रजीत सूचना आली, ही डिस्क या भागात चालणार नाही. आत्या डबा हातात घेऊन म्हणाली, “एवढा देवाच्या पेटीएवढा डबा आणलास, आणि लागत काय नाही की रे त्यात!”

हा भागाचा घोळ समजून घेण्यासारखा आहे. डीव्हीडीसाठी जगाचे तुकडे पाडलेले आहेत. अमेरिका १, इंग्लंड २, भारत ५. ब्लू-रेसाठी वेगळे तुकडे. अमेरिका ए, इंग्लंड बी, भारत सी. फोर-केला मात्र हे कुलूपच नाही. गंमत बघा. जी डिस्क सगळीकडे चालू शकते तिचा प्लेअर मोजक्या घरांत, आणि ज्या डिस्कचा प्लेअर घरोघरी तिला कुलूप. आपल्याकडे निघालेल्या कितीतरी डीव्हीड्यांना हे कुलूप घातलेलंच नव्हतं. म्हणून बेळगावात घेतलेली मराठी सीडी लेस्टरच्या मुलीकडेही लागायची. तेव्हा माझं पहिलं म्हणणं असं, की जादा प्रत द्यायची तर बिनकुलुपाची द्या. कुलूप घालून दिलेली डीव्हीडी खरोखरच पेरूवर टांगायच्या लायकीची.

मराठी सिनेमाच्या बाबतीत हा प्रश्न आणखी वेगळा होतो. आपले बहुतेक सिनेमे व्हीसीडी-डीव्हीडीपर्यंतच पोचले, मखमली डब्यांचे लाड त्यांच्या वाट्याला फारसे आले नाहीत. पण उद्या कुणी काढायचं ठरवलं, तर त्यात काय असावं हे आजच सांगून ठेवायला काय हरकत आहे?

प्रभातचे सिनेमे घ्या. १९३७ चा ‘कुंकू’ हिंदीत ‘दुनिया न माने’ झाला, १९३९ चा ‘माणूस’ हिंदीत ‘आदमी’, १९४१ चा ‘शेजारी’ हिंदीत ‘पडोसी’. हे आजच्यासारखं डबिंग नव्हे. तेच प्रसंग दोन्ही भाषांत वेगवेगळे चित्रित केलेले. ‘शेजारी’त मिर्झाचा हिंदू मित्र झाले केशवराव दाते आणि ‘पडोसी’त ती भूमिका केली मजहर खान यांनी. मिर्झा दोन्हीकडे गजानन जागीरदार. ‘माणूस’ आणि ‘आदमी’ या दोन्हींत नायिका शांता हुबळीकर, म्हणजे नावाप्रमाणेच आपल्या हुबळीकडच्या. अशा सिनेमाच्या डब्यात एकाच मराठी प्रतीचे तीन आकार देण्यापेक्षा दुसऱ्या भाषेतली जोडी द्यावी. ती खरी जादा प्रत. दोन्ही शेजारी-शेजारी लावून बघण्यात जी मजा आहे, ती ठिपके वाढवून येणार नाही.

आता त्या सहा रुपयांची गोष्ट. व्हीसीडीवर सबटायटल निवडायची सोय नव्हती. असली तर चित्रावरच छापलेली, नाहीतर नाहीच. डीव्हीडीवर ३२ भाषांपर्यंत सबटायटल आणि आठ आवाज-पट्ट्या बसतात, हवी ती लावा, नको ती बंद करा. आपल्या भागात याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. आमच्याकडे सुना धारवाड, गोकाक, बैलहोंगलहून येतात. सहा महिन्यांत त्या आपल्यापेक्षा ठसक्यात मराठी बोलायला लागतात. पण १९५३ च्या ‘श्यामची आई’तलं मराठी कानावर पडलं की त्यांना दोनदा विचारावं लागतं. बेंगळुरूत वाढणारी नातवंडं मराठी समजतात, वाचताना मात्र कन्नड आणि इंग्रजी पटकन वाचतात. कन्नड सबटायटल असलेली एक साधी डीव्हीडी या घरांत जेवढी लागेल, तेवढी फोर-के डिस्क लागणार नाही. बत्तीसातली एक जागा कन्नडला दिली तर डिस्कचं वजन काही वाढत नाही.

खर्च वाढतो, असं कंपन्या म्हणतात. डिस्क छापण्याचा खर्च खरं म्हणजे किरकोळ असतो. पैसा लागतो तो चित्र स्वच्छ करायला, हक्क घ्यायला आणि सबटायटल नीट लिहून घ्यायला. हे सगळं एकदा केलं, की ते फोर-केवर उतरवा नाहीतर डीव्हीडीवर. एक खबरदारी मात्र हवी. थोड्या प्रती काढायच्या असल्या की कारखान्यात छापून न घेता संगणकावर लिहिलेल्या डिस्का घालतात. दिसायला सारख्याच, पण लिहिलेल्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो आणि तो उन्हा-ओलीने लवकर खराब होतो. तुमच्या घरातल्या लग्नाच्या सीड्या याच जातीच्या आहेत. त्या अजून लागतात का, ते या सुट्टीत बघून घ्या आणि लागत असल्या तर लगेच दोन ठिकाणी उतरवून ठेवा.

एकापेक्षा जास्त प्रती ही नुसती हौस नाही, हे सिनेमाच्या इतिहासाला चांगलंच माहीत आहे. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’सह अपूच्या तिन्ही चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेत लागलेल्या आगीत होरपळल्या. पुढे वीस वर्षांनी ते तुकडे दुरुस्त करायला घेतले, तेव्हा जळून गेलेल्या जागा इतर संस्थांकडे राहिलेल्या प्रतींवरून भराव्या लागल्या. २०१५ मध्ये ते चित्रपट पुन्हा नव्यासारखे पडद्यावर आले. आपल्या पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या साठ्याला आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेटच्या जुन्या रिळांचा मोठा ठेवा गेला. नायट्रेट पेटतं ते विझत नाही. घरातल्या डीव्हीडीवरून कुणी सिनेमा पुन्हा उभा करणार नाही, एवढं मलाही कळतं. पण सिनेमा माहीत असलेली माणसं त्या डीव्हीडीमुळे राहतात. आणि ज्या नाटकांचं, एकपात्रींचं चित्रण एकदाच झालं, त्यांच्या बाबतीत कुणाच्या तरी घरातली सीडीच शेवटची निघू शकते.

म्हणून संग्राहकांच्या वादात माझं मत डीव्हीडीच्या बाजूने. पण अटी आहेत. तिला कुलूप नको. तिच्यावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी सबटायटल हवेत. कोड वगैरे काही नको, त्या पैशात पुस्तिकेची चार पानं वाढवा. आणि डीव्हीडीला डब्यात स्वतःचं वेगळं कव्हर द्या, नाव आणि चित्र छापलेलं. आता ती डब्याच्या तळाशी नुसत्या खाचेत बसवलेली असते. ती काढून कुणाला दिली की डबा अपुरा दिसतो, पुढे विकायचा झाला तर भाव पडतो, म्हणून संग्राहक ती देतही नाहीत आणि बघतही नाहीत. वेगळं कव्हर असलं की बेंगळुरूचा मुलगा डबा आणि भारी डिस्क स्वतःच्या कपाटात ठेवील आणि डीव्हीडी पिशवीत टाकून खानापूरला आणील.

आत्याकडे दिलेली सीडी लवकर परत मिळत नाही, हे मात्र आधीच सांगतो. ती आधी समोरच्या काकूंकडे जाते, मग त्यांच्या बहिणीकडे नंदगडला, आणि येते तेव्हा कव्हरवर बॉलपेनने कुणाचं तरी नाव लिहिलेलं असतं.