विश्लेषण : लॅपटॉप कधी सुरू होतो, कधी नाही... आधी डेटा वाचवा, दुरुस्ती नंतर!

लॅपटॉप सुरू केला की काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’. बंद करून पुन्हा सुरू केला, तर सगळे व्यवस्थित. दोन दिवस तक्रार नाही, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ‘रिस्टार्ट केला की चालतो’ म्हणून बहुतेक जण दुर्लक्ष करतात. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी मीही तेच केले. प्रोजेक्ट रिपोर्ट जमा करायच्या आठवड्यात डिस्क कायमची बंद पडली आणि चार महिन्यांचे काम पुन्हा करावे लागले.

नेमके काय बिघडते?

बटण दाबल्यावर लॅपटॉपमधील बायोस (नव्या यंत्रांत यूईएफआय) आधी डिस्क शोधते आणि मग तिच्यावरून विंडोज सुरू करते. डिस्कने वेळेत उत्तर दिले नाही, तर वरचा संदेश येतो. त्याची कारणे साधारण तीन. पहिले, सैल झालेला कनेक्टर किंवा खराब केबल. दुसरे, बायोसच्या सेटिंग जपणारा मदरबोर्डवरचा छोटा सेल उतरणे. तिसरे, डिस्कच खराब होत जाणे. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमधील तबकडी बहुधा मिनिटाला ५,४०० वेळा फिरते आणि वाचणारे हेड तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगते. तबकडीवरचा एखादा भाग कमकुवत झाला, की तो कधी तीन-चार प्रयत्नांत वाचला जातो, कधी जातच नाही. म्हणूनच बिघाड ‘अधूनमधून’ दिसतो.

सर्वांत आधी काय करावे?

लॅपटॉप सुरू झाला असेल, तर तो बंद करू नका. पुढच्या वेळी सुरू होईलच याची खात्री नाही. एक्स्टर्नल डिस्क किंवा पेन ड्राइव्ह जोडा आणि जे पुन्हा मिळणार नाही ते आधी कॉपी करा. घरचे फोटो, कागदपत्रे, हिशेबाच्या फाइल, प्रोजेक्ट. सिनेमे आणि गाणी सर्वांत शेवटी. बिटलॉकर सुरू असेल, तर त्याची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून ठेवा. ती नसेल, तर डिस्क धडधाकट असूनही डेटा उघडणार नाही.

लॅपटॉप सुरूच होत नसेल, तर डिस्क काढून यूएसबी केसमध्ये बसवता येते आणि दुसऱ्या संगणकाला जोडून पाहता येते.

दोष कुठे आहे, कसे ओळखायचे?

कॉपी झाल्यावरच तपासणीला लागा. बिघाड दिसेल तेव्हा एफ २ किंवा तुमच्या कंपनीची जी की असेल ती दाबून बायोस उघडा. तिथे डिस्कचे नावच दिसत नसेल, तर कनेक्टर, केबल किंवा डिस्कच्या सर्किटवर संशय घ्या. नाव दिसते, पण विंडोज सुरू होत नाही, तर बूट ऑर्डर, विंडोजच्या फाइल किंवा खराब सेक्टर. प्रत्येक वेळी तारीख-वेळ चुकत असेल, तर सेल बदला. हा खर्च किरकोळ असतो.

विंडोज सुरू असताना क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये डिस्कची ‘स्मार्ट’ माहिती पाहा. ‘रिअॅलोकेटेड’ किंवा ‘पेंडिंग’ सेक्टरचा आकडा वाढत असेल, तर डिस्क बदलायची वेळ आली. ‘सीआरसी एरर’ वाढत असतील, तर आधी केबल तपासा.

‘गुड’ दिसले म्हणजे निश्चिंत?

नाही. गूगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये स्मार्टच्या चार प्रमुख इशाऱ्यांपैकी एकही दिसला नव्हता. उलट, ज्या डिस्कमध्ये तपासणीत पहिली स्कॅन एरर सापडली, त्या पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता इतरांच्या ३९ पट होती. म्हणजे इशारा मिळाला तर तो खरा माना; मिळाला नाही म्हणून गाफील राहू नका.

काय करू नये?

डेटा काढण्याआधी चेकडिस्कची दुरुस्ती, डीफ्रॅग किंवा विंडोज पुन्हा टाकणे टाळा. तासन्‌तास चालणाऱ्या या कामांत थकलेली डिस्क दम तोडू शकते. डिस्कमधून ‘टक टक’ आवाज येत असेल, तर लगेच बंद करा. प्रत्येक नव्या प्रयत्नाने तबकडीवर ओरखडे वाढतात. तेव्हा डेटा महत्त्वाचा असेल, तर रिकव्हरी करणाऱ्या तज्ज्ञाकडेच जा. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना ‘उपाय’ तर मुळीच नको. आत दव धरते. एसएसडी आवाज करत नाही आणि अनेकदा एकदमच बंद पडते, त्यामुळे तिथे घाई अधिक हवी.

दुकानात काय सांगावे?

‘फॉरमॅट मारून देतो’ हे वाक्य दुरुस्तीच्या दुकानात सहज ऐकू येते. लॅपटॉप चालू होतो, पण फोटो जातात. म्हणून ‘डेटा हवा आहे, फॉरमॅट करू नये’ हे पावतीवर लिहून घ्या आणि डिस्क बदलली, तर जुनी डिस्क परत मागा.

नवी डिस्क बाजारात कधीही मिळते. आजीचा आवाज असलेला व्हिडिओ मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही. तुमचा लॅपटॉप या आठवड्यात एकदा जरी अडला असेल, तर कॉपी करायचे काम आजच उरका.