किल्ली कुणाकडे?

टी.व्ही.ने आपल्या घरांचे किती नुकसान केले, यावर आम्ही या सदरातून अनेकदा लिहिले आहे. मालिकांतल्या दागिन्यांनी मढलेल्या सासवा-सुना, सोमवारचे उपास, नवस, बुवा आणि अंगारे-धुपारे यांनी दाराबाहेर काढलेले कर्मकांड खिडकीतून पुन्हा आत आणले, असे आमचे मत होते आणि आजही आहे. त्यातला एक शब्दही आम्ही मागे घेत नाही. पण एका बाबतीत त्याच टी.व्ही.चे ऋण मान्य करणे भाग आहे.

गोष्ट सप्टेंबर २०१९ ची. 'कौन बनेगा करोडपती'चे अकरावे पर्व चालू होते. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे हॉट सीटवर बसल्या. शाळेत मुलांना दुपारची खिचडी शिजवून देणाऱ्या या बाई. मुले त्यांना 'खिचडीवाल्या काकू' म्हणतात. मानधन महिन्याला १५०० रुपये आणि जेवणारी मुले साडेचारशेच्या घरात. साधी साडी, साधे बोलणे, उत्तर देताना आवाज जरा कापरा, पण उत्तर मात्र पक्के.

त्या आठवड्यात शेजारच्या घरातला डिशचा रिचार्ज संपला होता, म्हणून शेजारची मंडळी आमच्याकडे आली होती. त्यात आत्या होत्या. नात्याने आमच्या कुणी नाहीत, पण सगळी वस्ती त्यांना आत्याच म्हणते. मांडीवर सूप घेऊन चाळीस वर्षे विड्या वळल्या. सिन्नरच्या विडीवर आपल्या किती घरांच्या चुली पेटल्या, हे वाचकांना सांगायला नको. दुसरी त्यांची सून. बारावी झालेली, माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पॅकिंगला जाते. ती दाराशी, भिंतीला टेकून बसली होती. पहिल्या चार-पाच प्रश्नांना ती काही बोलली नाही. मग हळूच उत्तरे सांगू लागली, तीही पर्याय पडद्यावर येण्याच्या आत. आमचा मुलगा कॉलेजात. तो दोनदा चुकला, ही एकदा. आम्ही मान वळवून तिच्याकडे पाहिले. आठ वर्षे शेजारी राहणाऱ्या या मुलीशी "शिफ्ट कुठली?" यापलीकडे आम्ही कधी बोललोच नव्हतो.

भोंगा वाजला आणि बबिताताईंचा खेळ दुसऱ्या दिवसावर गेला. बायका उठल्या. सून म्हणाली, "उद्या तर माझी सेकंड शिफ्ट."

आत्या म्हणाल्या, "मंग बदलून घे कुणाशी."

दुसऱ्या दिवशी कचेरीत आमचे चित्त जमाखर्चात नव्हते. संध्याकाळी नऊच्या आधी घर भरले. सुनेने खरोखरच शिफ्ट बदलून घेतली होती. रविवारची हक्काची सुट्टी एका मैत्रिणीला देऊन.

आता खेळाचे गणित सांगतो, कारण त्याशिवाय त्या रात्रीचा ताण कळणार नाही. त्या पर्वात एकूण प्रश्न सोळा होते. दहावा प्रश्न जिंकला की ३ लाख २० हजार पक्के. त्यानंतर उत्तर चुकले की थेट तिथपर्यंत घसरण. पंधरावा प्रश्न एक कोटीचा होता, सोळावा सात कोटींचा. म्हणजे पन्नास लाख हातात असताना कोटीचे उत्तर चुकले, तर जवळजवळ सत्तेचाळीस लाख गेले. त्या जागी आपण असतो तर?

कोटीचा प्रश्न होता, बहादूरशहा जफर यांच्या दरबारातल्या कोणत्या शायराने १८५७ च्या उठावाची हकीकत 'दास्तान-ए-गदर'मध्ये लिहिली. उत्तर, जहीर देहलवी. बबिताताईंनी ते बरोबर दिले. आमच्या घरात टाळ्या पडल्या. आत्यांनी डोळ्याला पदर लावला.

सात कोटींचा प्रश्न होता, कोणत्या राज्याचे सर्वाधिक राज्यपाल पुढे राष्ट्रपती झाले. उत्तर बिहार. झाकीर हुसेन आणि रामनाथ कोविंद हे दोघेही आधी तिथे राज्यपाल होते. बबिताताईंची खात्री नव्हती. त्या थांबल्या. आमचा मुलगा "खेळायला पाहिजे होतं" म्हणाला. आम्हाला मात्र ते थांबणेच फार मोठे वाटले. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणणे, याला धैर्य लागते. तथागतांनी आपल्याला न तपासता मानायला शिकवलेले नाही.

पैशांचे काय करणार, या प्रश्नावर त्यांनी घरात एकच मोबाईल आहे, तेव्हा एक मोबाईल घ्यायचा, असे सांगितले. सारा देश हसला आणि गहिवरलाही. आम्ही बी.कॉम. आणि पेशाने कारकून. आमच्या डोक्यात आकडे फिरू लागले. कागद घेतला. १५०० रुपयांनी एक कोटी जमवायला साडेपाचशेहून अधिक वर्षे लागतात. महिन्याचे २६ दिवस धरले तर दिवसाचे अठ्ठावन्न रुपयेही पडत नाहीत. साडेचारशे मुलांत वाटले तर एका मुलाच्या जेवणामागे तेरा पैसे. आम्ही हे मोठ्याने वाचले.

आत्या शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या, पण हजारांच्या हिशेबाने आयुष्य काढलेले. त्या म्हणाल्या, "साडेचारशे लेकरं जेवू घालणारी बाई आधीच मोठी व्हती. यांना ती आज दिसली."

वाचकहो, या एका वाक्यासाठी आम्ही हा लेख लिहितो आहोत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते, की राजकारणात आपण समान होऊ, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमताच राहील, आणि हा अंतर्विरोध लवकर मिटवला पाहिजे. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत अमरावती जिल्हा प्रशासनाने बबिताताईंना मतदार जागृतीच्या दूत नेमले. मताची किंमत सगळ्यांची सारखी. कष्टाची किंमत मात्र तेरा पैसे! खिचडी शिजवणाऱ्या बायांचे मानधन पुढे वाढून अडीच हजार झाले. पण त्या हजारो बायांना कुणी हॉट सीटवर बसवलेले नाही. त्यांचा प्रश्न संघटनेनेच सुटायचा आहे.

एक सावधगिरीची गोष्टही इथेच सांगून ठेवतो. अशा बक्षिसावर तीस टक्के आयकर, शिवाय अधिभार आणि उपकर लागतो, म्हणजे सुमारे तिसरा हिस्सा जातो. पण त्यातला तीस टक्के कर देणाऱ्यानेच आधी कापून घ्यायचा असतो. "तुम्हाला पंचवीस लाखांची लॉटरी लागली, आधी कराचे पैसे भरा" असा फोन करोडपतीच्या नावाने आला, तर तो चोर समजावा आणि पोलिसांत कळवावे.

पैसा येतो आणि जातोही. २००० साली आपल्या मुंबईचे हर्षवर्धन नवाथे या खेळातले पहिले करोडपती झाले. २०११ साली बिहारच्या मोतिहारीचे सुशील कुमार पाच कोटी जिंकले आणि पुढे व्यसनात आणि फसवणुकीत आपली कशी वाताहत झाली, हे त्यांनी स्वतःच २०२० साली लिहिले. कोटी संपू शकतात. कोटीपर्यंत नेणारे वाचन संपत नाही.

वाचनावरून आमच्या अपराधाकडे येतो. त्या रात्री जाताना सुनेने विचारले, "भाऊ, विहारातल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते?"

किल्ली आमच्या खिशात होती. तीन वर्षे! कपाटात बाबासाहेबांचे खंड, फुले, चरित्रे, स्पर्धा परीक्षांची पुस्तके. देणगी गोळा करून आम्हीच आणलेली. एकदा दोन पुस्तके परत आली नाहीत म्हणून आम्ही कुलूप लावले. चौदा एप्रिलला उघडून, पुसून, हार घालून पुन्हा बंद. ज्यांनी पुस्तकांसाठी राजगृह बांधले, त्यांच्या फोटोखाली आम्ही पुस्तके कोंडली होती. आम्ही तिला खरे ते सांगितले आणि मान खाली घातली.

पुढच्या रविवारपासून कपाट उघडले. सकाळी वंदना झाल्यावर एक तास वाचन, मग वीस प्रश्न. पहिले काही रविवार गंमत अशी, की १९२७, १९३०, १९३५, १९५६ ही साले पोरांना तोंडपाठ, पण दारणा कुठल्या नदीला मिळते हे चौघांनाच ठाऊक. आपला इतिहास पाठ पाहिजेच, पण जगाचाही पाहिजे. बाबासाहेब काय एकाच विषयाचे वाचक होते?

मग टाळेबंदी आली आणि विहार बंद झाले. ३० ऑक्टोबर २०२० च्या रात्री त्याच खेळात सफाई कर्मचारी आंदोलनाचे, मॅगसेसे पुरस्काराचे मानकरी बेजवाडा विल्सन बसले होते. प्रश्न आला, २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी कोणत्या ग्रंथाच्या प्रती जाळल्या? पर्याय यायच्या आत आत्यांची सात वर्षांची नात ओरडली, "मनुस्मृती!" प्रश्न ६ लाख ४० हजारांचा होता. या प्रश्नावर पुढे काहींनी पोलिसांत तक्रारी केल्या. घडलेला इतिहास विचारला म्हणून तक्रार! नातीला ते कळले नाही. तिने एवढेच विचारले, "मला किती मिळाले?" आत्यांनी तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

सुनेचे सांगून संपवतो. टाळेबंदी उठल्यावर तिने नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातले. शिफ्ट सांभाळून अभ्यास. एका विषयात एकदा नापास झाली, पुन्हा बसली. आता पदवीधर आहे. ती करोडपती झालेली नाही. कारखान्यात अजून पॅकिंगलाच जाते आणि पगारही वाढलेला नाही. ते आम्ही लपवत नाही.

पण रविवारचे वीस प्रश्न आता तीच काढते. आणि कपाटाची किल्ली आता आमच्या खिशात नसते, तिच्या घरी खुंटीला असते. कुणीही यावे आणि मागावी. आपापल्या विहारातली किल्ली कुणाकडे आहे, वाचकहो, तेवढे एकदा विचारून पाहा.

जयभीम!