रोम हमामखान्यात बुडाले नाही

व्याख्यानमालेतला वक्ता राष्ट्राच्या चारित्र्यावर आला की पाच मिनिटांत रोम येणार, हे श्रोत्यांनी गृहीतच धरावे. रोमन लोक मेजवान्यांत आणि हमामखान्यांत लोळले, त्यांचे मनगट ढिले पडले आणि रानटी टोळ्यांनी त्यांचा फडशा पाडला, असा एकंदर मासला असतो. सोबतीला रोम जळत असताना फिडल वाजवणारा नीरोही असतो. ती आग 64 सालची, आणि पश्चिमेकडचे साम्राज्य त्यानंतर चारशे वर्षे चालले, एवढा हिशेब करायला कोणाला वेळ नसतो.

हा आरोप किती जुना आहे ते आधी पाहू. इ.स.पूर्व 146 मध्ये कार्थेज जमीनदोस्त झाले, शत्रूचा धाक सरला आणि रोमन माणूस बिघडला, असे रोमन इतिहासकार सॅलस्टने इ.स.पूर्व पहिल्या शतकातच लिहून ठेवले आहे. तेव्हा इजिप्त अजून रोमच्या ताब्यात यायचा होता, ब्रिटनही यायचे होते. साम्राज्याचा विस्तार सर्वांत मोठा झाला तो सम्राट ट्राजनच्या अखेरीस, इ.स. 117 च्या सुमारास. म्हणजे बिघडल्यावर अडीचशेहून अधिक वर्षे ही मंडळी देश जिंकत सुटली होती. औषध घेतल्यावर रोगी वाढीला लागला तर आपण औषधाला विष म्हणत नाही.

विलासाच्या आरोपात आपलाही हात गुंतलेला आहे. हिंदुस्थान दरवर्षी पाच कोटी सेस्टर्शियस ओढून नेतो, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनीने इ.स.च्या पहिल्या शतकात केली. त्याच शतकातला ‘पेरिप्लस’ हा सागरी व्यापाराचा ग्रंथ सांगतो, की पैठणहून गोमेदासारखे खडे आणि तेरहून मलमल व जाडेभरडे कापड गाड्यांत भरून भडोचला जाई. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर पोसायडनची ब्राँझची मूर्ती सापडली, तीही याच व्यापाराची खूण. मग तेरच्या मलमलीने रोम बुडवले म्हणायचे का? प्लिनी एक गोष्ट विसरला: पूर्वेकडून आलेल्या या मालावर रोमचे सरकार 25 टक्के जकात घेत असे. श्रीमंतांच्या चैनीतून तिजोरी भरत होती.

ख्रिस्ती धर्माने रोमनांचे क्षात्रतेज मारले, हे इतिहासकार गिबनचे मत याहून वजनदार आहे. पण पूर्वेकडचा अर्धा भाग तर अधिकच ख्रिस्ती होता. तिथले भिक्षू रस्त्यावर उतरून सिद्धान्तांवर हातघाईला येत, आणि तरीही कॉन्स्टँटिनोपल 1453 पर्यंत टिकले. शिशाच्या नळांनी लोक खुळे झाले म्हणणाऱ्यांनाही हेच विचारावे: पूर्वेकडच्या लोकांना शिसे पचत होते का?

माझ्या मते पश्चिमेचे दिवाळे वाजले ते 439 मध्ये, त्याच कार्थेजमध्ये. आजच्या ट्युनिशियाचा तो टापू म्हणजे पश्चिमेचे धान्याचे कोठार आणि भरवशाचा महसूल. व्हँडल राजा गायसेरिक 429 मध्ये स्पेनमधून समुद्र ओलांडून आफ्रिकेत उतरला, त्याच्या जेमतेम दोन वर्षे आधी दरबाराने आफ्रिकेच्याच सेनापतीवर, बोनिफेसवर, फौज धाडली होती. पुढे 432 मध्ये बोनिफेस आणि एशियस हे दोन रोमन सेनापती इटलीत रिमिनीजवळ एकमेकांवर तुटून पडले. बोनिफेस जिंकला आणि जखमांनी मेला. व्हँडल तोवर आफ्रिकेत हातपाय पसरत होते, आणि 439 मध्ये कार्थेज त्यांच्या हाती पडले.

पुढचे कागद बोलके आहेत. पश्चिमेचा सम्राट तिसरा व्हॅलेंटिनियन याला 445 मध्ये न्युमिडियाचा सारा एक अष्टमांशावर आणावा लागला. त्याच सुमारास विक्रीवर एक चोविसांश कर बसला. शिपायांना पोसायला पैसा पुरत नाही, अशी कबुली कायद्यातच आहे. पैसा नाही म्हणून फौज नाही, फौज नाही म्हणून प्रांत जातात, आणि प्रांत गेले की आणखी पैसा जातो. हे चक्र तोडू शकेल असा एशियस होता, तर 454 मध्ये खुद्द व्हॅलेंटिनियननेच त्याला मारले.

कोणी म्हणेल, तिसऱ्या शतकात याहून वाईट झाले, पन्नास वर्षांत वीसहून अधिक सम्राट झाले. तरी रोम वाचलेच ना? वाचले, कारण तेव्हा गॉल फुटले, पाल्मायरा फुटले, पण आफ्रिका हातची गेली नाही. ऑरेलियनने फुटलेले तुकडे 274 पर्यंत पुन्हा जोडले. दैवाचा भागही मी नाकारत नाही: हूणांनी गॉथांना पुढे रेटले नसते, तर ही परीक्षा इतक्या लवकर आली नसती.

पाचव्या शतकातल्या राज्यकर्त्यांना मात्र दुखणे कुठे आहे ते नेमके ठाऊक होते. पश्चिमेचा सम्राट माजोरियनने 460 मध्ये स्पेनमध्ये आरमार जमवले, ते आफ्रिकेसाठी. शत्रूने ते बंदरातच गिळंकृत केले. पूर्वेचा सम्राट लिओने 468 मध्ये खजिना रिता करून प्रचंड आरमार पाठवले, तेही कार्थेजवर. गायसेरिकने पेटती जहाजे त्याच्यात सोडली. आठ वर्षांनी इटलीतल्या पगारी शिपायांनी सेनापती ओरेस्टिसकडे देशाची एक तृतीयांश जमीन मागितली. त्याने नकार दिला, तेव्हा त्यांचा पुढारी ओडोएसरने त्याला मारले आणि त्याच्या मुलाला, सम्राट रोम्युलस ऑगस्ट्युलसला, गादीवरून उतरवून वर्षासन बांधून दिले.