यंत्र आहे, पाहणारा नाही

सोनोग्राफी हा शब्द मराठी घरांत रुळला तो गर्भवतीच्या तपासणीमुळे, आणि पुढे स्त्री-भ्रूणहत्येमुळे तो बदनामही झाला. आता त्याच यंत्राचे एक निराळे काम वैद्यकात मान्यता पावत आहे. ते म्हणजे आतड्याच्या जुनाट दाहाची पाहणी. हे काम आपल्याकडे मूळ धरील की नाही, हे यंत्रांच्या संख्येपेक्षा ते यंत्र कोणी आणि कसे हाताळावयाचे यावर अवलंबून राहणार आहे.

ज्या विकारांचा येथे विचार करावयाचा ते प्रामुख्याने दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतील अस्तराला व्रण पडतात. क्रोन्स विकारात आतड्याच्या भिंतीची सारी जाडी सुजते आणि लहान आतड्याचा शेवटचा भाग बहुधा त्यात सापडतो. हे पाश्चात्त्यांचे रोग, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ होती. परंतु पंजाबातील पन्नास हजारांवर लोकांची पाहणी करून २००३ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत अल्सरेटिव्ह कोलायटिसचे प्रमाण लाखामागे सुमारे ४४ आढळले. हा रोग अनेकांना ऐन तारुण्यात गाठतो, जन्मभर पाठ सोडीत नाही, आणि शमला असे वाटत असतानाही आत धुमसत राहतो. रुग्णाला बरे वाटणे आणि आतडे बरे होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. म्हणूनच वरचेवर आत डोकावून पाहावे लागते.

पाहण्याचे रूढ मार्ग कष्टाचे आहेत. कोलोनोस्कोपीसाठी जुलाबाचे औषध घेऊन पोट रिकामे करावे लागते, रजा पडते, सोबतीला माणूस लागतो. सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरणांचा मारा असतो. तरुण रुग्णावर पुनःपुन्हा करावी अशी ती तपासणी नव्हे. एमआरआयमध्ये तो धोका नाही, पण खर्च मोठा. सोनोग्राफीत पोटावर जेल लावून थोडक्या वेळात आतड्याची भिंत मोजता येते. निरोगी भिंत साधारणतः तीन मिलिमीटरपर्यंत भरते. ती त्याहून जाड झालेली, तिच्यातील रक्तप्रवाह वाढलेला आणि भोवतालची चरबी सुजलेली दिसली, म्हणजे दाह जागा असल्याचा संशय बळावतो. जर्मनीतील ४२ केंद्रांत अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या २२४ रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध आहे. आतड्याच्या सिग्मॉइड भागाची भिंत जाड असलेल्यांचे प्रमाण त्यात उपचारानंतर दोनच आठवड्यांत सुमारे ८९ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर आले. औषध लागू पडते आहे की नाही हे पंधरवड्यात कळणे किती मोलाचे, ते औषधाचे पैसे पदरचे मोजणाऱ्याला सांगावे लागत नाही.

तथापि या तपासणीचे अकारण स्तोम माजवू नये. ब्रिटनमधील २०१८ च्या अभ्यासात क्रोन्सच्या रुग्णांत लहान आतड्यातील रोगाची व्याप्ती ओळखण्यात एमआरआयची क्षमता ८० टक्के, तर सोनोग्राफीची ७० टक्के ठरली. गुदाशय पोटावरून नीट दिसत नाही, स्थूल रुग्णांत चित्र धूसर येते. आपल्याकडे आणखी एक पेच आहे. आतड्याचा क्षय नेमका क्रोन्सच्याच जागी बसतो. सोनोग्राफीत जाडी दिसते, तिचे कारण दिसत नाही. तुकडा काढून तपासल्यावाचून आणि कित्येकदा क्षयाची औषधे देऊन पाहिल्यावाचून निर्णय होत नाही. क्षयालाच क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दिली तर अनर्थ ओढवतो. म्हणजे निदानापेक्षा, निदान झाल्यानंतरच्या देखरेखीत या यंत्राचा खरा उपयोग आहे.

जर्मनीत पोटाचा डॉक्टर स्वतःच रुग्णाच्या पोटावर हे यंत्र फिरवितो. आपल्याकडे ते इतके सोपे नाही, आणि त्याला कारण आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात पहिला कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. यंत्राची नोंदणी, ते ठेवण्याची जागा, चालविणाऱ्याची पात्रता या सर्वांवर त्याचे नियंत्रण आहे. हलविता येण्याजोगी यंत्रे २०१२ पासून नोंदलेल्या आवारातील दाखल रुग्णांपुरती व फिरत्या वैद्यकीय पथकांपुरती मर्यादित आहेत. ही बंधने सैल करा, अशी मागणी डॉक्टरवर्गातून अधूनमधून होते. ती मान्य करणे कठीण आहे. या राज्यात दर हजार मुलांमागे सहा वर्षांपर्यंतच्या मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर घसरली. ज्या समाजात असे आकडे निघतात, त्याने पहारा उठविण्याची भाषा करू नये.

पण कायद्याचा स्वल्पविरामही न बदलता बरेच करता येईल. नोंदलेले यंत्र आणि पात्र क्ष-किरणतज्ज्ञ आज अनेक रुग्णालयांत आहेतच. पोटाच्या सोनोग्राफीच्या अहवालात यकृत, पित्ताशय, मूत्रपिंडे यांची मापे काटेकोर लिहिली जातात आणि आतड्याच्या वाट्याला फार तर ‘वायू आढळला’ एवढे वाक्य येते, कारण आतड्याची भिंत मोजण्याची सवय त्या हाताला लावलेली नसते. वैद्यकीय महाविद्यालयांनी आठवड्यातून एक दिवस क्ष-किरण विभाग आणि पोटविकार विभाग यांचा एकत्र बाह्यरुग्ण विभाग चालवावा. एकाने चित्र पाहावे, दुसऱ्याने त्याच वेळी औषध ठरवावे. पोटविकारांच्या उच्च पदवीच्या विद्यार्थ्याला तेथे रीतसर शिक्षण व नोंदणी मिळावी. आपल्या क्षेत्रात दुसऱ्याने पाऊल टाकू नये, ही दोन्ही बाजूंची कुरकुर यात आडवी येईल. तिचा भार मात्र गडचिरोलीहून नागपूरला आणि रत्नागिरीहून मुंबईला दर खेपेस नव्या तपासणीसाठी धावणाऱ्या रुग्णाने सोसावयाचा असतो.